बाळ कुणाच्या ओटीत

सोनोग्राफीला आलेल्या बाईला माझा पहिला प्रश्न पाण्याचा असतो. "पानी पिया?" अमिरातीतल्या उम्म अल कुवैनमधल्या आमच्या छोट्या क्लिनिकात येणाऱ्या सगळ्यांना मी हे हिंदीतच विचारते. मल्याळी, बंगाली, फिलिपिनो, सुदानी आणि इथल्या अरब बायका, सगळ्यांना ते कळतं. मूत्राशय भरलेलं असलं की गर्भपिशवी वर उचलली जाते आणि सुरुवातीच्या महिन्यांतला गर्भ नीट दिसतो. पण हे समजावून सांगितलं तरी निम्म्या बायका कोरड्या येतात आणि उरलेल्या इतकं पिऊन येतात की प्रोब पोटावर ठेवला की किंचाळतात. एक सुदानी आजी नातसुनेला घेऊन आली होती. मी पाण्याचं म्हटल्यावर तिने स्वतःच दोन बाटल्या रिकाम्या केल्या आणि विचारलं, "हबीबी, आता दिसेल का?"

मी मूळची नाशिकची. तिथे एका रुग्णालयात एक्स-रे आणि सीटी स्कॅन करायचे. पोटातलं बाळ बघायचं यंत्र फक्त डॉक्टरांच्या हातात, आणि त्या खोलीच्या दारावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी लाल अक्षरांतली पाटी. मला त्या बंद दाराचं फार कुतूहल होतं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इथे आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि एका इजिप्शियन सोनोग्राफर बाईच्या हाताखाली बाळ बघायला शिकले. मग तोच धंदा झाला. पडदे ओढलेली खोली, कोमट केलेलं जेल, हातात प्रोब, समोर करड्या रंगाचा धूर. त्या धुरातून मणका, मांडीचं हाड, हृदयाचे कप्पे ओळखायचे, मोजमापं घ्यायची, चित्रं काढायची. निदान डॉक्टर सांगतात. आमच्यासारख्यांनी बोलायचं थोडं आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. यातलं दुसरं जास्त अवघड.

इथे मुलगा की मुलगी हे खुशाल सांगतात. पहिल्यांदा मी "इट्स अ गर्ल" म्हटलं तेव्हा माझाच आवाज मला चोरटा वाटला होता. आता लोक माझ्याकडून उत्तर पाकिटात बंद करून घेतात, ते पाकीट केकवाल्याकडे जातं आणि केक कापल्यावर आतून गुलाबी नाहीतर निळा रंग निघतो. खोर फक्कानच्या बंदरात क्रेन चालवणारा एक केरळी नवरा दर वेळी व्हिडिओ कॉलवर असायचा. एकदा बाळाने तोंड फिरवलं तर फोनवरून ओरडला, "सिस्टर, थोडा लेफ्ट लो, लेफ्ट!" जणू मीच कंटेनर उतरवत होते. आपली मंडळी मात्र बहुतेक विचारतच नाहीत. विचारलं तरी असं हळू, की भिंतींनाही ऐकू जाऊ नये.

आता निवृत्तीला आले, तर लोक मला विचारतात, एवढ्या वर्षांत लक्षात राहिलेली केस कुठली? मी दरवेळी वेगळी सांगते. खरी आज सांगते, कारण त्यातल्या दोघींनी सांगायची परवानगी दिली आहे. नावं बदलली आहेत.

अर्चना आमच्याच मराठी मंडळातली. नवऱ्याचं, सतीशचं, इंडस्ट्रियल एरियात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. मुलगी पल्लवी बारावीत, मुलगा नववीत. मुलं लहान असेपर्यंत ती घरीच होती. नुकतीच एका नर्सरी शाळेत शिकवायला लागली होती. चाळिशी ओलांडली होती. ती आली ती पोट फुगतं, पाळी लांबली, बहुतेक संपतच आली असेल, अशी तक्रार घेऊन. डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी करायला सांगितली.

"मीनलताई, गाठबिठ नसू दे म्हणजे झालं," ती टेबलावर चढताना म्हणाली. "माझ्या मावशीला होती."

मी प्रोब ठेवला. गाठ नव्हती. पिशवीत एक छोटंसं शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं आणि त्याच्या मधोमध लुकलुक चालू होती. अशा वेळी बाई आनंदाने आली असेल तर मी स्क्रीन तिच्याकडे वळवते. अर्चनाच्या बाबतीत माझा हात थांबला.

"गाठ नाही," मी म्हटलं.

"मग काय?"

"डॉक्टर सांगतील." पण माझ्या चेहऱ्याने माझं ऐकलं नसावं. ती कोपरावर उठून बसली, जेल सगळं साडीवर.

"ताई, नाही ना?"

मी टिश्यू पुढे केले. ती हसायला लागली. खूप हसली. मग म्हणाली, "पल्लवीच्या युनिव्हर्सिटीचे फॉर्म भरतोय हो आम्ही." आणि रडायला लागली.

आमच्या डॉक्टर हुदा म्हणजे उंच, मोठ्या आवाजाच्या, बोलताना पेनाने टेबलावर ठोके देणाऱ्या इजिप्शियन बाई. त्यांनी अर्चनाला सरळ सांगितलं. इथला कायदा कडक आहे. आईच्या जिवाला धोका किंवा बाळात गंभीर दोष. त्याबाहेर इथे कुणी हात लावणार नाही. "तुझी शुगर मागच्या बाळंतपणात वाढली होती, या वेळीही वाढेल. आम्ही सांभाळू. तुझ्या देशात काय चालतं ते तुला माहीत." एवढंच. सल्ला नाही, उपदेश नाही.

उपदेश पँट्रीत झाला, आणि तो आम्ही आपापसात केला. नर्स ब्लेसी कोट्टायमची, पक्की चर्चला जाणारी. मला ती चेची, म्हणजे ताई, म्हणायची. तिला मुळीच शंका नव्हती. "पहिल्या दिवसापासून जीव आहे, चेची. तिला नको तर ज्यांना हवंय त्यांना दे. किती लोक गुडघे टेकून मागतात."

डॉक्टर हुदा चहात साखर ढवळत म्हणाल्या, "आमच्यात बाळात रूह, म्हणजे आत्मा, कधी येतो यावर विद्वानांची मतं वेगवेगळी आहेत. पण तू 'दे' म्हणतेस ना, ते मला कधी समजलं नाही. आमच्यात अनाथ मूल सांभाळणं मोठं पुण्य. पण त्याचं नाव बदलायचं नाही, बापाचं नाव पुसायचं नाही. ते कुणाचं आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे. तुमच्यात सगळं नवीन लिहितात. का?"

"म्हणजे त्याला कुणी परकं म्हणू नये," मी काहीतरी बोलले.

"मग लोकांना सांगा ना परकं म्हणू नका. मुलाचं नाव कशाला काढता?"

ब्लेसी माझ्याकडे वळली. "चेची, तुम्हाला काय वाटतं?" मी चहाचे कप उचलले. स्क्रीनवर मी जे बघते ते मांसाचा गोळा आहे असं म्हणणं मला कधी जमलं नाही. आणि टेबलावर पडलेल्या बाईकडे बघून, तिने काय करावं हे मी ठरवीन, असंही कधी वाटलं नाही.

आठवड्याभराने अर्चनाने मला क्लिनिकच्या मागच्या पार्किंगमध्ये गाठलं. गाडीतला एसी चालू ठेवून आम्ही बोलत बसलो.

तिने सतीशला सांगितलं होतं. तो आधी घाबरला, मग म्हणाला, तू म्हणशील तसं. पण त्याची आई, माई, तेव्हा व्हिजिटवर कराडहून आलेल्या. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये किती लपणार? माईंना कळलं, आणि तासाभरात त्यांच्याकडे तोडगा तयार होता. धाकटा मुलगा नितीन अबू धाबीत, मुसफ्फाच्या एका कंपनीत इंजिनिअर. त्याची बायको गौरी. त्यांना मूल नव्हतं. उपचार करून करून थकले होते. माई म्हणाल्या, "देवानं हिशोब बरोबर केलाय. हे बाळ जावेच्या ओटीत घाल. घरातलं घरात. पाडायचं पाप नाही आणि दोघींचं भलं."

"सगळ्यांना पटलं," अर्चना म्हणाली. "नितीनभावोजींनी फोनवर रडून माझे आभार मानले. अजून मी हो म्हटलं नव्हतं, ताई. माझ्या आईनेही पुण्याहून सांगितलं, किती मोठं मन लागतं म्हणून. काल रात्रीपर्यंत मी कैदाशीण होते, आज देवी झाले. मधे मी कुठे होते ते कुणी बघितलंच नाही."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला पुन्हा पोटुशी राहायचं नाही. कारण सांगितलं की लोक ते तोलायला घेतात. शुगर? औषध घे. वय? आजकाल होतात. नोकरी? ती काय पुन्हा मिळेल. म्हणून मी आता कारण सांगायचं बंद केलंय." तिने एसीची झडप स्वतःकडे वळवली. "पण गौरी डोळ्यांसमोर येते. तिने किती सोसलंय. माझ्या एका 'हो'ने तिला मूल मिळणार असेल तर मी नाही म्हणणारी कोण? तुम्ही काय केलं असतं?"

हा प्रश्न मला शंभरदा विचारला गेला आहे, आणि त्याचं उत्तर मी कधी देत नाही. उत्तर दिलं की ती बाई माझा निर्णय घेऊन घरी जाते आणि जगायला तिला लागतं. मी तिला एवढंच विचारलं, "गौरीशी बोललीस?"

"नाही. धीर होत नाही. सगळे म्हणतात ती आनंदाने वेडी झालीय."

तिसरा महिना भरत आला तेव्हा बाळाच्या मानेमागची जाडी बघायची एक तपासणी असते. काही दोष असण्याची शक्यता त्यातून कळते, आणि आईचं वय जास्त असलं की डॉक्टर ती आवर्जून सांगतात. त्या दिवशी अर्चनाबरोबर माई आल्या आणि मुसफ्फाहून बस करून गौरी आली. गौरीला मी प्रथमच बघत होते. बारीक, चष्मेवाली, एका कंपनीत अकाउंट्स बघणारी. आनंदाने वेडी वगैरे काही दिसली नाही. तोंड मिटून दाराशी उभी होती.

मी माईंना खुर्ची दिली. त्यांनी पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "नीट बघा हं. सगळं बरोबर आहे ना, ते आधी कळलं म्हणजे बरं. द्यायचं-घ्यायचं आहे."

मी खोटं लिहिणार नाही. त्या दिवशी ते बाळ छान खेळत होतं. उताणं पडून एक हात तोंडाकडे नेत होतं, पाय झाडत होतं, मोजमाप घेऊ देत नव्हतं. आनंदाने आलेल्या आईला दाखवायला मी अशा चित्राची वाट बघते. अर्चनाने मान भिंतीकडे वळवली होती.

माई उठून स्क्रीनजवळ गेल्या. "अगं गौरी, ये ना! बघ तुझं बाळ कसं नाचतंय."

गौरी जागची हलली नाही. "आई, ते माझं नाही. ते ताईंचं आहे."

"अगं, आता ताईचं, मग तुझं."

"आधी सगळं बरोबर आहे का ते बघून, मग माझं?" गौरीचा आवाज बारीक होता पण थरथरत नव्हता. "आणि बरोबर नसलं तर? तेव्हा ते कुणाचं?"

मी मशीनवरचा हात तसाच ठेवला. बाहेर जावं की थांबावं ते मला कळेना, आणि खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, आपण संस्थेतून मूल आणू," गौरी म्हणाली. "एकदा नाही, किती वेळा म्हटलं. तुम्ही काय म्हणालात? कुणाचं रक्त, कुठली जात, कुठल्या बाईचं पाप. मी गप्प बसले. आता अचानक दत्तक एवढं चांगलं कसं झालं? मूल हवंय म्हणून, की रक्त आपलं आहे म्हणून?"

"घरातलं मूल असताना बाहेर कशाला जायचं?" माई म्हणाल्या. त्याही रडवेल्या झाल्या होत्या. "मी काय तुझं वाईट चिंतते का गं?"

"नाही चिंतत. पण त्याला ताप आला की तुम्ही आधी ताईंना फोन कराल. दर गणपतीला चार जणं म्हणतील, अगदी अर्चनासारखे डोळे. ताई त्याच्याकडे बघतील आणि मी ताईंकडे बघत बसेन. मी त्याची आई होणार नाही, आई. मी ते राखत बसेन."

मग ती टेबलाजवळ आली आणि अर्चनाचा हात धरला. जेलने भरलेला होता तरी धरला.

"ताई, तुम्हाला हवं असेल तर ठेवा. मी दुपटी शिवीन, रजा काढून बाळंतपण करीन. नको असेल तर मी तुमच्याबरोबर पुण्याला येते. दोन्हींतलं काहीही. फक्त माझ्यासाठी ठेवू नका. तेवढं ओझं मला देऊ नका."

अर्चनाने आता मान इकडे वळवली. पहिल्यांदा तिने स्क्रीनकडेही बघितलं, बराच वेळ बघितलं. ती म्हणाली, "छान आहे ना हो ताई?"

"हो," मी म्हटलं. "सगळं व्यवस्थित दिसतंय."

"तरी मला नकोय," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, माईंकडे बघून नाही. छताकडे बघून. "मला वाटलं होतं एकदा बघितलं की मन बदलेल. म्हणून बघत नव्हते."

माई खोलीबाहेर निघून गेल्या.

त्यानंतर दोघी जावा पुण्याला गेल्या. कायद्यातल्या मुदतीच्या आत, रीतसर, एका मोठ्या रुग्णालयात गर्भपात झाला. सतीश सोडायला विमानतळावर गेला होता आणि आणायलाही. परत आल्यावर डॉक्टर हुदांनी तिला तपासलं, लोह वाढवायच्या गोळ्या दिल्या आणि नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "खाना खाओ, अर्चना." ब्लेसी मात्र काही दिवस तिच्या वाटेला गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मला चूकच वाटतं, चेची. मी खोटं हसू शकत नाही. पण प्रार्थना तिच्यासाठी आणि त्या बाळासाठी, दोघांसाठी करते." पुढे एकदा अर्चना चेकअपला आली तेव्हा ब्लेसीने तिचं बीपी घेतलं आणि पट्टा काढल्यावरही थोडा वेळ तिचा दंड धरून ठेवला. दोघींत एवढंच झालं.

माई ठरल्याच्या आधी कराडला परतल्या आणि बरेच महिने दोन्ही सुनांशी बोलल्या नाहीत.

अर्चनाचं पुढे काय झालं, हे मला जाणून घ्यायचं होतं. आमच्या धंद्यात लोक पोट दाखवून निघून जातात, गोष्टीचा शेवट क्वचितच कळतो. म्हणून मी तिला मंडळाच्या संक्रांतीला सरळ विचारलं. ती तिळगूळ वाटत होती. म्हणाली, "रडले खूप. अजून कधीतरी रडते. चुकलं म्हणून नाही रडत. आणि चुकलं नाही म्हणून रडायचं नाही, असंही नाही. हे कुणाला सांगितलं तर म्हणतात, काहीतरी एक ठरव." मग पुढच्या बाईच्या हातावर तिळगूळ ठेवायला गेली.

त्या खोलीत बोलली त्यानंतर गौरीला मागे जाता येईना. तिने नितीनला बसवून संस्थेतून मूल आणायचं विचारलं, आणि त्याने हो म्हटलं. भारतातल्या सरकारी पद्धतीप्रमाणे दत्तकासाठी नोंदणी झाली. घर बघायला एक समाजसेविका बाई आल्या; स्वयंपाकघर बघितलं, बाल्कनीची जाळी बघितली, 'मूल हट्ट करेल तेव्हा काय कराल' हे दोघांना वेगवेगळं विचारलं. नितीनने सांगितलं, समजावीन. गौरीने सांगितलं, माहीत नाही. बाई म्हणे गौरीचं उत्तर ऐकून हसल्या. मग वाट बघणं. कोर्ट, पासपोर्ट, व्हिसा, आज होईल, उद्या होईल, इन्शाल्ला. बरीच वर्षं गेली. शेवटी महाराष्ट्रातल्याच एका संस्थेतून दोन वर्षांची जुई घरी आली.

तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी मुसफ्फाला गेले होते. फुगे, छोले, पावभाजी, खालून येणारा वेल्डिंगचा आवाज. जुई आली तेव्हा चार मराठी शब्द बोलायची. आता "नो, आय डू इट" म्हणत स्वतःच्या बुटांशी झगडत होती. कराडहून व्हिडिओ कॉलवर माई होत्या. त्या जुईला हाक मारत होत्या आणि जुई त्यांना फोनवर टेकवलेलं आपलं नाक दाखवत होती.

पावभाजी वाढताना शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "बघा, किती गोड पोर. लोक उगाच पाडतात. हिच्या आईने पाडलं असतं तर ही इथे असती का? मूल नको तर द्यावं. इतकं सोपं आहे." त्यांना अर्चनाचं काही माहीत नव्हतं. अर्चना हातात ताट घेऊन तिथेच उभी होती. तिने त्या बाईंना पाव वाढला आणि स्वयंपाकघरात आली. मी आणि गौरी तिथेच होतो. दोघींनीही ऐकलं होतं.

"ताई, त्यांना..." गौरी म्हणाली.

"राहू दे गं. खोटं कुठे बोलल्या त्या?" अर्चना म्हणाली. "तेव्हा कुणी वेगळं ठरवलं असतं तर ही नसती. मी हिला उचलून घेते ना, तेव्हा मलाही हे कळतं."

"पण सोपं होतं हे त्यांना कुणी सांगितलं?" गौरीने गॅस बारीक केला. मग माझ्याकडे वळली. "मीनलताई, हिच्या आईचीही कुणीतरी सोनोग्राफी केली असेल ना?"

"बहुतेक केली असेल. सरकारी दवाखान्यात होते."

"तुमच्यासारखंच कुणीतरी. त्यांनी तिला विचारलं असेल का, तुला काय हवंय म्हणून? की तिलाही सगळ्यांनी मिळून सांगितलं असेल, दे म्हणून?"

पोटातलं मूल कसं आहे, किती वजनाचं आहे, पायाळू आहे का, हे मला आयुष्यभर विचारलं गेलं. हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"माहीत नाही, गौरी," मी म्हटलं.

"मलाही नाही. जुई मोठी झाली की विचारेल. तेव्हा हेच सांगावं लागणार."

बाहेरून जुईने हाक मारली. "मम्मा! केक! द फ्लावर वन इज माईन!" गौरीने हात पुसले आणि गेली. मेणबत्त्या लावल्या गेल्या, लोक टाळ्या वाजवायला लागले. अर्चना दारात उभी राहून बघत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"हिला जन्म देणाऱ्या बाईला एवढं तरी कळायला हवं होतं," अर्चना म्हणाली, "की ही फुलाचा तुकडा मागते."